काळगाल्याचा बाप

अणदूरच्या शिवारात कल्याणप्पाचं नाव निघालं की माणसं आधी त्याच्या जनावरांबद्दल बोलायची आणि मग, आठवलंच तर, त्याच्याबद्दल. त्याच्या बायकोचं, शरणम्माचं, नाव निघायचा प्रश्नच नव्हता. वळू कल्याणप्पाचे, गाई कल्याणप्पाच्या, जिल्ह्याच्या प्रदर्शनात मिळालेला चांदीचा बिल्लाही कल्याणप्पाचा. शेण तेवढं शरणम्माचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिनं उचललं, आणि गोठ्यातल्या अकरा जनावरांना आडाचं पाणी ओढून पाजलं. आता ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि सकाळी उठताना कमरेला दोन्ही हातांनी धरून उठत होती. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणायची. कुणी विचारत नव्हतं हा भाग वेगळा.

जनावरं होती देवणी जातीची. पांढरं अंग, दोन्ही गालांवर काळा रंग, मान जाड, पाय खांबासारखे. काळ्या रानात आठ बैलांचा नांगर ओढायचा तर असली जनावरं लागतात, आणि ती कुठंही मिळत नाहीत. कल्याणप्पाच्या बापानं एक गाय आणून वाण सुरू केला, कल्याणप्पानं तो जपला. जपला म्हणजे पोरं जपावीत तसा नव्हे, त्याहून जास्त. पोर त्यांना एकच झालं, मुलगी, ती आळंदला दिली. तिच्या लग्नाची तारीख कल्याणप्पाला आठवायची नाही, पण कुठली गाय कुठल्या वर्षी कुठल्या वळूला दाखवली हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा.

त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक वळू न्यायला आलं की तो जनावराच्या पाठीवर डावा हात ठेवायचा, उजव्या तळव्यावर खंडोबाचा भंडारा घ्यायचा, आणि त्या वळूच्या सात पिढ्यांचे बाप म्हणून दाखवायचा. हा अमक्याचा, अमका तमक्याचा, असं करत मागं बापाच्या काळापर्यंत. मग भंडारा जनावराच्या कपाळाला लावायचा. त्याच्यानंतर सौदा. तुळजापुरापासून भूम-वाशीपर्यंतचे शेतकरी ते ऐकायला म्हणून यायचे. सरकारी दाखला, उर्दूतला शिक्का, असलं काही कुणाला लागत नव्हतं. कल्याणप्पानं भंडारा हातात घेऊन सांगितलं ना, मग झालं.

त्या पिढ्यांत सगळ्यात मोठं नाव काळगाल्याचं. बिल्ला त्यानंच मिळवला. चौदा वर्षं जगला आणि मेला तेव्हा गावानं त्याला वाजतगाजत नेऊन पुरला. आता गोठ्यात उभे असलेले दोन्ही वळू त्याच्याच रक्ताचे. थोरला हा त्याचा मुलगा, धाकटा त्याचा नातू.

आणि इथंच सगळं अडलं होतं. थोरला तेरा वर्षांचा झाला होता, दातानं कडबा तुटत नव्हता. धाकटा दिसायला देखणा, पण गाईंवर सोडला की चारांतल्या दोन रिकाम्या राहायच्या, आणि ज्या व्यायच्या त्यांची वासरं खुरांनी नाजूक निघायची. रक्त घरातल्या घरात फिरून आंबलं होतं, हे शरणम्माला शेण काढता काढता कळलं होतं, आणि कल्याणप्पालाही कळलं असणार. नवा वळू आणायचा तर देवणीपर्यंत चालत जायचं, महिनाभर गोठ्यागोठ्यांतून हिंडायचं, वाण पारखायचा. साठीला आलेल्या कल्याणप्पाच्या गुडघ्यांत ते बळ राहिलं नव्हतं. दलालाकडून घ्यायचा तर तो बापाचं नाव सांगणार कुठलं.

तशात तो खोंड होता. गंगी नावाच्या गाईचा, अडीच वर्षांचा. त्याची गोष्ट गावाला पाठ होती. सव्वातीन वर्षांमागं मीठवाल्या गाड्यांचा तळ ओढ्याकाठी पडला होता आणि त्या दिवशी नेमकी गंगी दावं तोडून गेली. सालगडी सोमलिंग शोधत गेला तेव्हा तळावरच्या कुठल्याशा वळूनं तिला गाठलं होतं. दुसऱ्या दिवशी गाड्या निघून गेल्या. वळू कुणाचा, कुठला, कुणाला विचारणार? सोमलिंगनं येऊन सांगितलं तेव्हा कल्याणप्पानं डोकं धरलं. वासरू झालं त्या दिवशी तो गोठ्यात आलासुद्धा नाही.

पण वासरू वाढलं आणि काय वाढलं! छाती भरली, मान भरली, गालावर काळा रंग असा उतरला की बघत राहावं. चालताना पुढचा पाय टाकण्याची ढबसुद्धा काळगाल्याची, आईकडून आलेली. शरणम्मा त्याला पाणी दाखवायची तेव्हा तिच्या तोंडी माहेरची कानडी यायची, ती फक्त लाडक्या जनावरासाठीच यायची. हा खोंड गाईंवर सोडला तर गोठा पुन्हा वीस वर्षं चालेल, हे तिला दिसत होतं. ज्याला दिसायला हवं होतं तो मात्र तिकडं पाठ करून बसला होता. ज्याच्या बापाचं नाव ठाऊक नाही त्याचं बी माझ्या दारातून बाहेर जाणार नाही, असं तो म्हणायचा. सरकारी दवाखान्याचा सलोतरी, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, सोमवारी गावात येणार होता. खोंडाला चिमटा लावून खच्ची करायचं, आणि बैल म्हणून औताला धरायचं, हे ठरलं होतं.

शरणम्माला आधी वाटलं, करू दे. खरंच वाटलं. वाण संपला तर संपला, पाच-सहा वर्षांत गोठा रिकामा होईल, आडाची दोरी खुंटीला टांगून ठेवता येईल. थकलेल्या माणसाला असले विचार येतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण शनिवारी संध्याकाळी खोंडानं तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि तिचा जीव कालवला. कारण काळगाल्याचा बाप कोण होता हे जगात एकट्या शरणम्माला ठाऊक होतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घरात वाणाची एकच गाय उरली होती, चंद्री. जुना वळू साथीत मेला होता आणि कल्याणप्पा नवा आणायला देवणीला गेला होता. चंद्री दोन वर्षं रिकामी राहिलेली. सासू रोज म्हणायची, औंदा गाभण राहिली नाही तर हिचं काही खरं नाही. आणि नवरा बाहेरगावी असताना एका पहाटे चंद्री माजावर आली, हंबरून हंबरून तिनं गोठा डोक्यावर घेतला. तो आवाज ऐकून खंडोबाला सोडलेला पोळ येऊन वाड्याच्या काटेरी झाप्याबाहेर उभा राहिला. गावठी पोळ. कुणीतरी नवसाचा सोडलेला, रस्त्यावर खाणारा, आई-बाप कशाचा पत्ता नसलेला. चोवीस वर्षांची शरणम्मा शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिनं गाईकडं बघितलं, पोळाकडं बघितलं, पाटी खाली ठेवली आणि झापा उघडला. फार विचार केला नाही. गाय रिकामी जाऊ नये एवढंच मनात होतं.

एकवीस दिवसांनी कल्याणप्पा मल्ल्या नावाचा उंची वळू घेऊन आला. त्यानं मल्ल्याला चंद्रीपाशी सोडलं, मल्ल्यानं एकदा तिच्यावर उडी घेतली, आणि कल्याणप्पा समाधानानं जेवायला बसला. शरणम्मानं तोंड उघडलं, भाकरी वाढली आणि मिटलं. पुढं चंद्री वेळेआधी तीन आठवडे व्याली, आणि वासरू असं दणकट की ओढून काढणाऱ्याला धाप लागावी. प्रत्येक गाईचे दिवस बोटांवर मोजणाऱ्या माणसानं ही एकच गाय मोजली नाही. माणसाला हवं ते मिळालं की तो मोजत नाही. पोळ पुढं दोन वर्षांत मेला. मग गावात कुणी दुसरा सोडला नाही.

तेव्हापासून कल्याणप्पा भंडारा हातात घेऊन 'काळगाल्या मल्ल्याचा' म्हणाला की शरणम्मा आत निघून जायची.

सोमवारी पहाटे तो पडवीत दावी वळत बसला होता. शरणम्मा समोर येऊन उभी राहिली. बसली असती तर पुन्हा उठवलं नसतं.

"अवो, त्या खोंडाला चिमटा लावू नका."

का, असं त्यानं मान वर न करता विचारलं.

"काळगाल्या बी तसलाच व्हता. मल्ल्याचा न्हाय. तुमी देवणीला गेला व्हता तवा चंद्री माजली. म्याच झापा उघडला. देवाच्या पोळाचा व्हता त्यो."

कल्याणप्पाचे हात थांबले. तो रागावेल, ओरडेल, निदान दावं फेकून मारील असं तिला वाटलं होतं, आणि तिनं अंग चोरलंही होतं. तसलं काही झालं नाही. त्यानं उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि तो हळूहळू मोजू लागला. बावीस वर्षांपूर्वी मोजायचं राहिलेलं त्यानं तेव्हा मोजलं. मग म्हणाला, "वीस दिस आधी व्याली व्हती."

"एकवीस," शरणम्मा म्हणाली.

तो उठला, पटका बांधला आणि बाहेर पडला. शरणम्माला हलकं वाटलं. सलोतऱ्याला नको म्हणून सांगायला गेला असं तिनं धरलं. बावीस वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि खोंड वाचला होता. तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. त्या घरात चहा पाहुण्यांसाठीच व्हायचा, पण त्या दिवशी तिला स्वतःसाठी करावासा वाटला.

चहा पिऊन ती मागं आली तेव्हा लिंबाखाली सलोतरी आलेला होता. त्याचे दोन गडी कडबा पसरत होते. आणि कल्याणप्पा गोठ्यातून जनावरं बाहेर काढत होता. खोंड काढला. मग धाकटा काढला. मग थोरला, त्याला बाहेर यायला वेळ लागला. तिन्ही एका रांगेत बांधले. सलोतरी हैदराबादकडचा, समजूतदार माणूस. तो चिमटा हातात धरून गोंधळून उभा राहिला.

"कल्याणप्पा, खोंड बोले थे तुम. ये तो बिल्लेवाले का बेटा है ना?"

"त्याचाच हाय, साहेब," कल्याणप्पा म्हणाला. "म्हणूनच."

शरणम्मा धावली. कमर विसरून धावली. थोरल्याच्या दाव्याला धरून ती नवऱ्याच्या आणि जनावराच्या मधे उभी राहिली. आपण हे एक वाचावं म्हणून सांगितलं, तीन घालवायला नाही, असं ती म्हणाली, दोनदा म्हणाली. सोमलिंग मान खाली घालून उभा होता. परक्या माणसांपुढं ती कधी एवढं बोलली नव्हती.

कल्याणप्पानं तिच्या हातातून दावं ओढलं नाही. नुसता जवळ आला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं चारचौघांत तिला नावानं हाक मारली.

"शरणम्मा, म्या देवाचा भंडारा हातात घिऊन लोकांस्नी सांगत आलो. ठाऊक नव्हतं तवर ठीक व्हतं. आता कसं सांगू?"

तो रागावला असता तर ती भांडली असती. पण तो नुसता थकला होता, तिच्याइतकाच, आणि थकलेल्या माणसाशी कसं भांडायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं दावं सोडलं. हा खोटेपणा कसला आणि हा खरेपणा कसला, कुणी तिला समजावून सांगावं. वाण सुधारला तो तिच्या खोटं वागण्यानं, आणि बुडाला तो त्याच्या खरं वागण्यानं, एवढंच तिला दिसत होतं. खोंड खूप धडपडला. धाकटा एकदा ओरडला. थोरल्यानं काहीच केलं नाही, पाडल्यावर डोळे मिटून पडून राहिला, आणि सुटल्यावर सोमलिंगनं दोनदा शेपटी ओढली तेव्हा उठला. त्याला खच्ची करण्यात तसाही अर्थ नव्हता. पण कल्याणप्पाचा हिशेब तसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. ज्यांनी ज्यांनी काळगाल्याच्या रक्ताचे वळू नेले होते त्यांच्या दारी जाऊन सांगणार होता की मी सांगितलं ते खोटं निघालं. शरणम्मानं भाकरी बांधून दिली. जाऊ नका म्हणाली नाही. मागं तिनं तिन्ही जनावरांना हळद-तेल लावलं, सूज उतरेपर्यंत रोज शेकलं. खोंडाशी कानडीत बोलायला मात्र जीभ वळेना.

तो अठरा दिवसांनी आला. पायांत वहाणा राहिल्या नव्हत्या, चिंध्या बांधल्या होत्या. शरणम्मानं पाय धुवायला पाणी दिलं आणि तो पडवीत टेकून बसला. मग थांबत थांबत त्यानं सगळं सांगितलं. तुळजापुराकडं तिघं भेटले. एकानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पुढचा वळू कधी देता. दुसऱ्याला वाटलं, म्हातारा किंमत पाडून परत घ्यायला आलाय. तिसरा हसला. एवढी पायपीट करून कल्याणप्पा वाशीला बलभीमकडं पोचला. बलभीम हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, शंभर एकरांचा धनी. त्यानं दोन दिवस ठेवून घेतलं, जेवू घातलं, रानात नेऊन आठ बैलांचा नांगर चाललेला दाखवला. आठांतले सहा काळगाल्याचे नातू-पणतू. नांगर असा चालला होता की मागं ढेकूळ राहत नव्हतं. बलभीम म्हणाला, बाप कोन का असंना, ओढत्यात का न्हाय बघा. आणि त्याच्या गोठ्यात दोन वर्षांचा एक खोंड होता. बाप काळगाल्याचा नातू, आई बलभीमच्या सोयऱ्याची, परक्या घरातली, चांगल्या अंगाची. तुमचंच रक्त आहे, न्या परत, असं बलभीम म्हणाला होता.

"मग?" शरणम्मानं विचारलं.

"नको म्हनलं."

"का?"

कल्याणप्पानं गोठ्याकडं मान वळवली. गोठ्यात गंगी हंबरत होती. सकाळपासून हंबरत होती, माजावर आली होती. आज तिच्यापाशी न्यायला दारात वळू नव्हता. कल्याणप्पा म्हणाला, "तवा सांगितलं असतंस तर म्या काळगाल्याला बडवून बैल केला असता."

"ठाऊक हाय. म्हणून तर न्हाय सांगितलं."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग पायांच्या चिंध्यांकडं बघत म्हणाला, "आता बी सांगाया नको व्हतंस."

शरणम्माला राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता इतका आला. बावीस वर्षं गप्प बसायचं ओझं तिचं, सांगायचं ओझंही तिचं, आणि आता का सांगितलंस हेही तिच्याच डोक्यावर. हा माणूस अठरा दिवस चालून गावोगाव खरं बोलून आला आणि घरी येऊन तिच्यापाशी खोटं मागत होता. गंगी पुन्हा हंबरली.

"म्या एकाला वाचवाया सांगितलं," ती म्हणाली. "तिघांना तुमी नेलं. आता बलभीमाचा खोंड आनायचा का न्हाय तेवढं सांगा."

तो म्हणाला, पाय चालत नाहीत. ते खरंच होतं. आणि मग हळू आवाजात म्हणाला, आणला तरी त्याच्या पिढ्या मी कुणाला म्हणून दाखवणार नाही.

"तुमाला म्हना कोन म्हनतंय?"

शरणम्मा उठली, कमरेला दोन्ही हात लावून उठली. तिला जायचं नव्हतं. तिला आडवं व्हायचं होतं, चार दिवस कुणी उठवू नये असं झोपायचं होतं. पण गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येणार होती आणि जाऊन यायला नऊ-दहा दिवस तरी लागणार होते. तिनं पीठ काढलं, पाच दिवस टिकतील अशी धपाटी थापली आणि सोमलिंगला पहाटे तयार राहायला सांगितलं. कल्याणप्पा पडवीतून बघत होता. वाशीची वाट कुठून फुटते, कुठल्या गावी मुक्काम करावा, ओढ्याला पाणी असलं तर कुठून उतरावं, हे त्यानं तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. पहाटे ती निघाली तेव्हा तो झोपला होता, आणि तिनं त्याला उठवलं नाही.